न वाचलेली पुस्तकं

2019च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. आम्ही आधीच विश्रामबागेत मामांकडे गेलो होतो. निघताना माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या कपाटातले खालचे दोन कप्पे रिकामे करून ती पुस्तकं मी वरच्या कप्प्यांत दाबून बसवली होती. 2005 साली पाणी जिथपर्यंत आलं होतं, त्याच्या हातभर वर. तेवढं पुरेल असं वाटलं होतं.

आठवड्याने परत आलो तर कपाट उघडेना. कागद भिजून फुगला होता. पुस्तकं एकमेकांत इतकी घट्ट बसली होती की दाराच्या फळ्या बाहेरून फुगीर दिसत होत्या. शेवटी पहार लावून दार काढलं. आत पुस्तकं अशी राहिलीच नव्हती. एकेका कप्प्यात एकेक लांबलचक वीट होती. लाल मुखपृष्ठाचा रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरला होता. मधलं एक पान सोलून बघितलं तर अण्णांची जांभळ्या शाईतली सही पसरून नुसता डाग उरला होता. फावड्याने उचलून ते सगळं गल्लीच्या तोंडाशी गाद्यांच्या ढिगावर टाकलं. महापालिकेचा ट्रॅक्टर चौकात वळेपर्यंत आई दारात उभी होती. पंचनाम्याला आलेल्या माणसाने चांगुलपणाने विचारलं, पुस्तकं किती होती? मी म्हणालो, चारशेच्या आसपास. त्याने ‘इतर साहित्य’ असं लिहिलं.

त्यानंतर पाच वर्षं आमच्या घरात पुस्तक आलं नाही. आणायचं म्हटलं की ठेवायचं कुठे, हा प्रश्न आधी उभा राहायचा. हळूहळू वाचायची सवयच गेली. 2025 साली ती परत लावून घेतली, तिची ही हकिगत. माझ्यासारखे पुरातून गेलेले किंवा नुसतेच वाचनापासून तुटलेले बरेच जण असतील, त्यांना उपयोग व्हावा म्हणून तारखा आणि खर्चही लिहितो आहे. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात जमाखर्च लिहितो, त्यामुळे आकडे माझ्याकडे असतातच.

सुरुवात 2024च्या डिसेंबरात झाली. मुलगी पुण्याहून आली होती. तिने सहज विचारलं, “आजोबांकडे कुठली कुठली पुस्तकं होती?” मी एक दोनशे पानी वही घेतली आणि आठवतील ती नावं लिहू लागलो. आईला विचारलं, काकांना फोन केला. चार रात्रींत 143 नावं झाली. पाचव्या रात्री, आपण स्वतः वाचलेल्या पुस्तकांपुढे बरोबरची खूण करावी म्हणून बसलो. खुणा झाल्या 31.

वही मिटून मी बराच वेळ बसून राहिलो. पाच वर्षं मी ज्यांच्यासाठी हळहळत होतो, त्यातली शंभरावर पुस्तकं मी कधी उघडलीच नव्हती. लहानपणापासून ती काचेमागे होती आणि कधीतरी वाचूच, हे धरून चाललो होतो. माणसं वाचली आणि पुस्तकं गेली, असं आम्ही सगळ्यांना सांगायचो. त्यातली बहुतेक माझ्याकडून वाचायचीच राहून गेली होती.

4 जानेवारीला, शनिवारी, वाचनालयात गेलो. पुराचं पाणी तिथेही शिरलं होतं. नंतर लोकांनी दिलेली आणि नव्याने घेतलेली पुस्तकं आता वरच्या मजल्यावर आहेत. देवघेव विभागातल्या काकांनी फॉर्म दिला आणि लागणारे कागद सांगितले: आधारची झेरॉक्स, पत्त्यासाठी लाइटबिल, दोन फोटो आणि जुन्या सभासदाची शिफारशीची सही. लाइटबिल अजून अण्णांच्या नावावर होतं, ते चाललं. आडनाव आणि पत्ता जुळला की झालं. सही कुणाची घ्यायची हा प्रश्न होता. आमच्या दुकानातले वयस्कर दिवाणजी तीस वर्षांचे सभासद निघाले. त्यांच्या शेजारच्या टेबलाशी मी एकोणीस वर्षं बसतो आणि मला ते ठाऊक नव्हतं. दुसऱ्या खेपेला फोटो एकच निघाला. तिसऱ्या खेपेला, 9 जानेवारीला, काम झालं. तुम्ही जाणार असाल तर आधी फोन करून साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची बंद राहायची वेळ विचारून घ्या, आणि फोटो चार न्या.

2025 सालचे पैसे असे: अनामत 500 रुपये, ती सभासदत्व सोडताना परत मिळते, प्रवेश फी 50, वर्गणी महिन्याला 50. एका वेळी दोन पुस्तकं, पंधरा दिवसांसाठी. मग एक रुपया रोज दंड.

पहिलं पुस्तक ‘बनगरवाडी’ घेतलं. लहान आहे, हे पहिलं कारण. दुसरं म्हणजे व्यंकटेश माडगूळकर आटपाडीकडचे, आपल्याच जिल्ह्यातल्या माडगूळचे. 1955चं हे पुस्तक आहे. शाळेत असताना त्यातला एक उतारा अभ्यासाला होता, तेवढीच ओळख. काकांनी मागच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर शिक्का मारला: 24 जानेवारी. घरी आलो, जेवून बसलो आणि आठ पानांत थकलो. दोन कारणं होती. एक म्हणजे दर पानाला हात फोनकडे जात होता. दुसरं, अक्षरं खरोखरच दिसत नव्हती. फोनवर अक्षर मोठं करून घेतो, त्यामुळे डोळे बदललेत हे कळलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तपासून घेतले. जवळचा नंबर पावणेदोन निघाला. चष्म्याला 1,400 रुपये गेले. पन्नाशीला आलेल्या कुणाला वाचन जमत नाहीसं झालं असेल, तर मनाला दोष द्यायच्या आधी डोळे तपासून घ्या.

फोनचं असं केलं: रात्री तो स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा आणि सकाळी नळाला पाणी येऊन गेल्यावरच हातात घ्यायचा. पहाटे साडेपाच ते सव्वासहा हा वेळ पुस्तकाचा. पहिले दहा दिवस फार जड गेले. बारा पानं, पंधरा पानं, मध्ये नुसतंच बसून राहणं. मग एका पहाटे नळ सुरू झाल्याचं बायकोने सांगितलं तेव्हा कळलं, आपण धनगरांच्या वाडीत तासभर होतो.

त्या कादंबरीत एक पोरसवदा मास्तर औंध संस्थानातल्या ओसाड वाडीवर शाळा चालवायला येतो. पोरं मेंढरांमागे, शाळा रिकामी. हळूहळू वाडी त्याला आपला मानते, सगळे मिळून तालीम बांधतात, राजेसाहेब येऊन जातात. आणि पुढे दुष्काळ पडतो आणि माणसं वाडी सोडून जातात. ते शेवटचं मी पुन्हा पुन्हा वाचलं. रिकामी घरं सोडून निघणं काय असतं, हे आम्हाला पाण्याने दाखवलं. त्यांना पाणी नसण्याने. पुस्तक एकदा रिन्यू करून 2 फेब्रुवारीला संपलं. वहीत खूण केली.

फेब्रुवारी ते एप्रिल आमचा हळदीचा हंगाम. सौदे, पट्ट्या म्हणजे शेतकऱ्यांना द्यायचे विक्रीचे हिशोब, तोलाई, हमाली; रात्री नऊशिवाय घर नाही. या तीन महिन्यांत पाचच पुस्तकं झाली. त्यातलं एक ‘फकिरा’. अण्णाभाऊ साठे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे, आणि तिकडचे शेतकरी आमच्या अडतीवर माल घेऊन येतात. ही कादंबरी त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली आहे. वारणेचं खोरं, गावाला जत्रेचा मान देणाऱ्या जोगणीसाठी जीव देणारा राणोजी, भुकेने कासावीस झालेली माणसं आणि इंग्रज सरकारचे हजेरीचे कायदे, हे सगळं इतक्या वेगात येतं की हंगामाच्या दमलेल्या रात्रीसुद्धा पुस्तक खाली ठेववत नव्हतं. वाटेगावजवळच्या एका शेतकऱ्याला पट्टी देताना मी म्हणालो, फकिरा वाचतोय. ते म्हणाले, “वाचताय होय? आमी आयकत आलोय.” आणि पोतं मोजायचं थांबवून दहा मिनिटं बोलत राहिले.

याच काळात एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी नव्वद पानांवर सोडून दिली. सोडताना अपराध्यासारखं वाटलं. काकांना तसं म्हणालो तर ते म्हणाले, “परत आणून दिलंत, झालं की. दुसऱ्या कुणाला तरी लागेल.” वाचनालयाचं पुस्तक असल्याने हे सोपं जातं. विकत घेतलेलं असतं तर मी ते ओढत बसलो असतो आणि वाचन तिथेच थांबलं असतं.

30 मार्चला गुढीपाडव्याला एक पुस्तक विकत घेतलं. पुरानंतरचं पहिलं. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेका महिन्यावर एकेक लेख आहे. ठरवलं की हे घाईने संपवायचं नाही, त्या त्या महिन्यात तो तो लेख वाचायचा. चैत्राचा लेख घेऊन सकाळी कृष्णेच्या घाटावर गेलो. रोज ज्या पिंपळाखालून जातो, त्याची नवी पालवी आधी तांबूस असते हे मी पन्नाशीत पहिल्यांदा नीट बघितलं. पुस्तक घरी आणलं तेव्हा बायकोने विचारलं, ठेवायचं कुठे? आम्ही दोघांनी मिळून जागा ठरवली: माळ्याला लागून, दाराच्या चौकटीच्या वर, एक फळी.

मे महिन्यात मुलगी आली तेव्हा भिलारला जाऊन आलो. पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मध्ये हे गाव आहे. 4 मे 2017ला तिथे पुस्तकांचं गाव सुरू झालं. सांगलीहून पहाटेच्या एसटीने सातारा, तिथून महाबळेश्वरकडची गाडी, शेवटचा टप्पा वडापने, म्हणजे शेअर जीपने. बायको आणि मुलीला एसटीचं अर्धं तिकीट. लोकांच्या घरांत, ओसरीवर पुस्तकं मांडलेली आहेत. एका घरी कविता, दुसऱ्या घरी चरित्रं, असे विषय वाटून. कुणीही जावं, बसावं, वाचावं; पुस्तक बाहेर न्यायचं नाही. आम्ही एका घरात आत्मचरित्रांच्या कपाटाजवळ तीन तास बसलो. घरातल्या बाई आपल्या कामात होत्या, मध्येच पाणी ठेवून गेल्या. त्या दिवशी एकही पुस्तक पूर्ण झालं नाही. पण आमच्या वहीतली अकरा नावं तिथे डोळ्यांना दिसली आणि मुलीने प्रत्येकाचा फोटो काढला. एका दिवसात जाऊन येणं दगदगीचं होतं. जमलं तर मुक्काम करा.

जूनपासून आईला वाचून दाखवायला लागलो. तिचं वय 78, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी बारीक टाइप लागत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणली. रात्री जेवणं झाल्यावर अर्धा तास. वर्षभरातलं सगळ्यात आवडलेलं पुस्तक कुठलं विचाराल तर हेच. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं इतकं की मीठ आणि साखरसुद्धा धुऊन घ्यायचे, हे वाचल्यावर आई हसून हसून पदर डोळ्याला लावू लागली. म्हणाली, “थांब, ते परत वाच.” मग तिच्या आजीचं सोवळं निघालं, ओल्या लुगड्यातला स्वयंपाक निघाला, आणि त्या रात्री पुस्तक दोनच पानं पुढे गेलं. नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई मागे एकट्या राहिल्या, तो भाग वाचताना ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना एवढंच म्हणाली, “किती वर्षं कुढली असंल ती बाई.” टिळकांनी 1917मध्ये ‘देवाचा दरबार’ साताऱ्यात सुरू केला. आईचं माहेर साताऱ्याचं, त्यामुळे सातारा आला की ती सरसावून बसायची.

मोठं पुस्तक, अर्ध्या तासाच्या हप्त्याने पंधरा दिवसांत कसं संपणार? रिन्यू एकदाच करता येतं. मग काकांनी रस्ता सांगितला: परत करायचं, एक दिवस रॅकवर राहू द्यायचं, कुणाची मागणी नसेल तर पुन्हा घ्यायचं. असं तीनदा केलं. मध्ये एकदा खरंच कुणीतरी नेलं आणि आम्ही नऊ दिवस थांबलो. त्या नऊ दिवसांत आई रोज विचारायची, “आलं का आपलं?”

ऑगस्टमध्ये वाचन थांबलं. कोयनेतून विसर्ग वाढला की सांगलीत माणसं एकमेकांना नमस्काराऐवजी फूट विचारतात. आयर्विन पुलाची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. ते आकडे फोनवर तासातासाला येत होते आणि पहाटे साडेपाचलाही माझ्या हातात फोनच होता. 20 तारखेला सकाळी मी वाचनालयाची दोन्ही पुस्तकं प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून निघालो. मुदत संपायला आठवडा होता, पण आपलं काय व्हायचं ते होवो, परक्याचं पुस्तक भिजायला नको. तिथे पोचलो तर काका खालचे गठ्ठे वर न्यायला लावत होते. माझी पिशवी बघून म्हणाले, “तुम्ही परत करताय, मी कुठं ठेवू? ओळखीचं कुणी विश्रामबागेत असंल तर तिकडंच न्या की.” मी पुस्तकं मामांकडे ठेवली. परत येऊन दीड तास गठ्ठे चढवले. आम्ही आठ-दहा सभासद होतो, कुणी कुणाला नावाने ओळखत नव्हतं. या वेळी आमच्या गल्लीत पाणी आलं नाही.

मामांकडून पुस्तकं आणायला उशीर झाला, त्याचा दंड बसला. काका म्हणाले, सोडून देऊ. मी भरला. पावती हवी होती मला.

सप्टेंबरात इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ झालं. महाभारतातल्या माणसांना माणूस म्हणून समोर बसवून जाब विचारणारं पुस्तक. गांधारीवरच्या लेखानंतर दोन दिवस दुसरं काही वाचवलं नाही. मग ऑक्टोबरात ‘ययाति’. खांडेकरांचा जन्म सांगलीचा, 1898चा. मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ त्यांचं. कॉलेजात असताना हे पुस्तक मी एका दिवसात वाचलं होतं आणि वाक्यं वहीत उतरवून घेतली होती. आता तितकं भिडलं नाही. सगळी पात्रं एकाच सुरात बोलतात असं वाटत राहिलं. पण तेव्हा जिच्याकडे मी बघितलंच नव्हतं ती शर्मिष्ठा आता सगळ्यात जवळची वाटली. हे लिहिताना मनात धाकधूक आहे, अण्णांचं ते फार लाडकं होतं. याच महिन्यात दिवाळी अंकांच्या योजनेचे 150 रुपये भरले, पण अंक डिसेंबरपर्यंत फिरत राहतात, त्यामुळे घाई नाही.

5 नोव्हेंबरला, रंगभूमीदिनी, सायकलवरून हरिपूरला गेलो. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली याच तारखेला सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं. आणि हरिपूर हे गोविंद बल्लाळ देवलांचं गाव. त्यांचं ‘शारदा’ मी पिशवीतून नेलं होतं. कृष्णा-वारणेच्या संगमावर, संगमेश्वराच्या देवळाच्या मागे बसून वाचलं. पदं ऐकून माहीत होती, पण नाटक म्हणून सलग कधी वाचलं नव्हतं. 1899चं ते नाटक. म्हाताऱ्याशी लग्न ठरवलेल्या मुलीचं भय आणि बापाचा लोभ, यांतलं काही जुनं वाटत नाही. नदी संथ होती. काठाच्या बाभळींवर पुराच्या रेषेपर्यंत कचरा आणि चिंध्या अडकलेल्या दिसत होत्या, त्या रेषेच्या बऱ्याच खाली बसून मी तिसरा अंक संपवला.

31 डिसेंबरला हिशोब केला. एकूण 23 पुस्तकं पूर्ण. त्यातली 16 अण्णांच्या यादीतली, आणि त्या सोळांतली 13 पहिल्यांदाच वाचलेली. 31 खुणांच्या 44 झाल्या, 99 उरल्या. अनामत सोडून वाचनालयाचा खर्च: प्रवेश फी 50, वर्गणी 600, दिवाळी अंक 150, दंड 38, मिळून 838 रुपये. चष्मा आणि भिलार वेगळं.

चौकटीवरच्या फळीवर अजून एकच पुस्तक आहे. ते 21 डिसेंबरला खाली काढलं, पौष लागला तेव्हा. माघ आणि फाल्गुन वाचायचे आहेत. आईला आता लक्ष्मीबाईंच्या नंतर काय, याची घाई झाली आहे. मी वहीतली नावं वाचून दाखवतो, आणि ती एखाद्या नावावर हात वर करते.